मोड

ईरीत बर्फ तळ्यावरून येतो, न सांगता.
बर्फ आला की गिऱ्हाईक येत नाही,
हे मला पहिल्याच जानेवारीत कळलं:
सहा तास उभी, चार टेबलं,
अकरा डॉलर, आणि कुणाचा तरी विसरलेला एक हातमोजा.

मालक ताशी देतो दोन डॉलर त्र्याऐंशी सेंट.
बाकीचं लोकांनी द्यायचं,
त्यांना वाटलं तर.
कमी पडलं तर मालकानं भर घालावी, असं कायदा म्हणतो.
माग की, म्हणते लॉरेटा,
आणि मग पुढच्या आठवड्यात तुझ्या वाट्याला किती पाळ्या येतात ते मोज.

छातीवरच्या बिल्ल्यावर मी मँडी.
मँडी कॉफी न मागता भरते,
मँडीला पोरांची नावं पाठ,
मँडी खांद्यावर पडलेला हात
टेबल पुसता पुसता अलगद खाली उतरवते, हसत.
त्या हसण्याचे किती, ते बिलावर लिहिलेलं नसतं.

आता इस्पितळाच्या लाँड्रीत जागा निघालीय.
ताशी सोळा पंचाहत्तर.
चादरीला माझा चेहरा आवडो न आवडो.

रात्री गादीवर केतकी नाणी मांडते,
पंचवीसची, दहाची, पाचची, चळत करून.
फडक्यात मटकीला मोड आलेत.
आई, तुझ्या ॲप्रनला पण, म्हणते ती.
ईस्टरच्या रविवारी दोनशे चौदा मोजले होते आम्ही,
पुन्हा मोजले, विश्वास बसेना म्हणून,
आणि तिसऱ्यांदा उगीच.
सोळा पंचाहत्तर गुणिले चाळीस
कुणी तिसऱ्यांदा मोजत नाही.

आणि मिस्टर व्होइचिक.
दोन अंडी, राय ब्रेड, बायको गेल्यापासून रोज.
बशीखाली पाच डॉलर ठेवतात, घडी घातलेले,
जणू मी बघितलं तर त्यांनाच लाज वाटेल.

अप्पा धोकटी घेऊन खळ्यावर उभे राहायचे.
वर्षभर साऱ्या गावाच्या दाढ्या,
आणि सुगीला कुणाचं सूप भरून,
कुणाचं अर्धं,
कुणाचं नुसतं, पुढच्या साली बघू रे.
अप्पा सगळ्यांना सारखंच हसायचे.
मी त्यांच्या मागे पोतं धरून. मला वाटायचं, किती आनंदी माणूस.

मग तालुक्याला, एस.टी. स्टँडच्या मागे, टपरी.
आरसा उधारीवर आणला, खुर्ची जुनी,
पण पाटी त्यांनी स्वतः रंगवली:
दाढी २ रुपये. कटिंग ४ रुपये.
पाटीखाली उभं राहून फोटो काढून घेतला.
त्या फोटोत अप्पा हसत नाहीत.
आई म्हणायची, पैसे घालवून रुसलेला फोटो काढला.

मी फॉर्म भरला.
मंदाकिनी बिडवे, सगळी अक्षरं,
शेवटचं चौकटीबाहेर गेलं.
लॉरेटा म्हणाली, उन्हाळ्यात तळ्यावर पर्यटक येतील, तेव्हा रडशील.
बहुतेक रडेन.
व्होइचिकना सांगायचं राहून गेलं. मंगळवारी त्यांना दवाखाना होता,
आणि माझा शेवटचा दिवस मंगळवारच होता.

आता तिसरा आठवडा.
तळघर, वाफ, पांढऱ्या चादरींचे गाडे,
वर बर्फ पडतोय की नाही ते बाहेर पडल्यावरच कळतं.
कुणी बोलत नाही, बोलायची गरज नसते.
पगार शुक्रवारी, आकडा आधीच ठाऊक.
फक्त एक,
मशीनचं दार उघडलं, गरम कापड अंगावर आलं
की माझं तोंड अजून हसतं, आपोआप,
आणि मी दोन क्षण तशीच उभी राहते
हातात कुणाचा तरी अभ्रा घेऊन.